तुझा खोकला, माझं नाव

नसीम,

तू गेल्याचं ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं पहिल्यांदा हेच विचारलं, “काय झालं होतं?” मी म्हणते, “दमा.” मग समोरचा माणूस म्हणतो, “दम्यानं? आजकाल?”

बरोबर आहे त्यांचं. दर चौकात औषधाचं दुकान असलेल्या या पुण्यात चाळिशीही न गाठलेली, शिकलेली, कमावती बाई दम्यानं जात नाही. मी पुढचं काही सांगत नाही. पुढचं सांगायचं तर माझंही नाव घ्यावं लागेल, आणि ते घ्यायची मला लाज वाटते. तुला मात्र सांगते. तुला बहुतेक सगळं माहीत आहे. तू गेल्यानंतरचं तेवढं माहीत नाही.

आपण भेटलो हिंजवडीत, दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या कामावर. मी यवतमाळहून आलेली, कंपनीच्या पगारावर. तू पिढ्यान्‌पिढ्यांची पुणेकर, ठेकेदारामार्फत आलेली. ओळखपत्राची माझी दोरी निळी, तुझी करडी. काम एकच, टेबल एकच. मला ताप आला की मी रजा टाकायचे. तुला ताप आला की तू गोळी घेऊन यायचीस, कारण करड्या दोरीला रजा नव्हती.

पहिल्या आठवड्यात मीटिंगमध्ये मी “मी तेच तर करून राहिली” असं म्हणाले आणि सगळे हसले. तू नाही हसलीस. जेवताना डबा उघडत म्हणालीस, “हसू दे गं. ह्यांना वाटतं मराठी ह्यांच्या गॅलरीत कुंडीत लावलेली आहे.” मला तेव्हा कळलं की ह्या शहरात मी एकटी नाही. तुझ्या अब्बांचा शुक्रवार पेठेत पुस्तकं बांधायचा व्यवसाय होता, आणि बांधणीला आलेलं पुस्तक तू वाचल्याशिवाय परत जायचं नाही, हे मला पुढे कळलं. नवीन आलेल्या मॅनेजरबाई एकदा तुला कौतुकानं म्हणाल्या, “अय्या, तुमचं मराठी किती छान आहे हो!” तू शांतपणे म्हणालीस, “थँक्यू. तुमचंही होईल.” त्या हसल्या, पण त्यांना विनोद कळला नव्हता. मी बाथरूममध्ये जाऊन पोट धरून हसले होते.

माझ्या तोंडी आज जे मराठी आहे, हा मजकूर ज्या मराठीत लिहिते आहे, ते बरंचसं तुझं आहे. तुझ्याकडून मी खूप काही घेतलं, नसीम. हेही त्यातलंच.

अब्बा गेल्यावर पेठेतली तुमची इमारत पाडायची ठरली आणि तुला जागा शोधायची वेळ आली. माझंही हॉस्टेल बंद होत होतं. आपण दोघी मिळून हिंडलो. धायरीत हिंडलो, वारज्यात हिंडलो. धायरीतल्या एजंटनं तुझं नाव विचारलं आणि फोनवर बोलत बोलत जो जिन्यावरून खाली गेला, तो वर आलाच नाही. आपण रिकाम्या फ्लॅटमध्ये उभ्या. तू खिडकी उघडून पाहिलीस आणि म्हणालीस, “हवा छान आहे. बघून घेऊ, फुकट आहे तोवर.”

वारज्यात एका इमारतीत दोन फ्लॅट रिकामे होते. वरचा मला पुरेसा, खालचा तुला आणि अम्मींना राहण्याजोगा. कंपनीची बस कोपऱ्यावर थांबायची. घरमालकीणबाईंनी मला आडनाव विचारलं. मी सांगितलं, आणि त्यांचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. मग तुला विचारलं. तू संपूर्ण नाव सांगितलंस, अब्बांच्या नावासकट, जरा जास्तच स्वच्छ उच्चारात. त्या म्हणाल्या, “अगंबाई, खालचा आमच्या भाच्यासाठी ठेवलाय. विसरलेच होते मी.”

भाचा आला नाही. खालचा फ्लॅट कितीतरी महिने कुलूप लावून तसाच होता. वरचा मी घेतला.

तू त्याबद्दल मला कधीही बोलली नाहीस. बोललीस ती दुसऱ्याच गोष्टीवरून. मी तुला सुचवलं होतं की तू आणि अम्मी माझ्याकडेच या. करार माझ्या नावावर आहेच, सोसायटीला सांगू की पाहुण्या आहेत. मला वाटलं मी केवढं मोठं मन दाखवते आहे.

“किती दिवसांच्या पाहुण्या?” तू विचारलंस.

“कोण मोजतंय?”

“ते मोजतील. आणि वैशाली, पुण्यात मी पाहुणी आणि यवतमाळची तू यजमान?”

मला राग आला. मी म्हणाले, “तुला मदत करायला गेलं की तू टोमणे मारतेस.” तू म्हणालीस, “टोमणा नाही. पत्ता विचारते आहे माझा.” आपण त्या दिवशी वेगवेगळ्या रिक्षांनी गेलो. ते भांडण कधी मिटलं नाही, नुसतं मागे पडलं. मला अजून कळत नाही की तुझ्या जागी मी काय केलं असतं. माझ्यावर ती वेळच आली नाही.

तुम्हाला जागा मिळाली ती कोंढव्याच्याही पलीकडे. खाली भंगाराचं गोदाम, वर तुम्ही. लिफ्ट नाही. उत्तरेच्या भिंतीला बारमाही ओल, आणि अम्मी दर दिवाळीला चुना मारायच्या तरी काळी बुरशी वर यायचीच. मागच्या मोकळ्या जागेत दिवस कलला की वायरी जाळायचे, आतलं तांबं काढायला. त्याचा वास तुझ्या ओढणीला असायचा. बस बदलत बदलत हिंजवडीत पोचेपर्यंत तू अर्धी संपलेली असायचीस. तिथून एवढ्या लांब येणारी कंपनीची बस नव्हती. विचारलं तर म्हणाले, त्या बाजूला आपले लोक नाहीत. “आपले” म्हणजे कर्मचारी, असं त्यांनी नंतर घाईनं सांगितलं.

तिथे गेल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात तुझा खोकला थांबेनासा झाला. जिन्यावर तू मध्येच उभी राहायचीस आणि फोन बघायचं नाटक करायचीस. मी वारज्यातल्या छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली, माझ्या घराजवळच्या. चांगले आहेत असं सगळे सांगत होते. मी बाहेर बाकावर बसले. तू आत गेलीस आणि मी मासिकाचं एक पान उलटेपर्यंत बाहेर आलीस.

समोरच्या टपरीवर चहा घेताना तू मला सगळं सांगितलंस. त्यांच्या आवाजात सांगितलंस.

“म्हणाले, वजन कमी करा. म्हटलं, श्वास लागतो म्हणून चालता येत नाही. म्हणाले, चालत नाही म्हणून श्वास लागतो. मग म्हणाले, तुमच्यात मटण आणि तेल फार असतं. म्हटलं, काल शेपू होती. मग विचारलं, मिस्टर काय करतात? म्हटलं, लग्न नाही केलं. तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला गं! सापडला आजार. म्हणाले, टेन्शन आहे, दुसरं काही नाही. झोपेची गोळी दिली.”

“छाती तपासली?”

“ओढणीवरून.”

मी चिडले. आत जाऊन बोलते म्हणाले. तू माझा हात धरून बसवलंस. मग बशीत सांडलेला चहा परत कपात ओतत म्हणालीस, “जाड आहे म्हणून वजन. बाई आहे म्हणून टेन्शन. नसीम आहे म्हणून मटण. ठेक्यावर आहे म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे जायला सुट्टी नाही. दम्याच्या वाट्याला काही उरलंच नाही बघ.”

दमा हा शब्द पहिल्यांदा तूच उच्चारलास. डॉक्टरांनी नाही.

आणि पुढचं वाक्यही तुझंच होतं. चेष्टेतच म्हणालीस, “एक दिवस माझा खोकला तू घेऊन जा. तुझं ऐकतील.”

मला ती कल्पना आवडली. हेच मला आता सहन होत नाही, की मला ती आवडली. वारज्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात आपण तालीम केली. तू ओट्याला टेकून उभी आणि मी खुर्चीत. “पहाटे जाग येते,” तू सांगायचीस, “छातीत शिट्टी वाजल्यासारखी. उशीवर उशी घ्यावी लागते. धुराच्या वासानं आवळल्यासारखं होतं, आणि बोलताना वाक्य मध्ये तोडावं लागतं.” मी तेच म्हणायचे. “आवळल्यासारखं म्हण, गच्च नाही. गच्च म्हटलंस तर पोट समजतील.” आपण हसून हसून बेजार झालो, आणि हसता हसता तुला खरा खोकला आला, आणि मी पाण्याचा पेला घेऊन उभी राहिले. तुझा आजार मी पाठ केला, नसीम, शाळेत कविता पाठ करावी तसा.

मी गेले. तेच डॉक्टर, तीच खोली. मी माझं आडनाव सांगितलं, कंपनी सांगितली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. किती दिवस, कधी वाढतो, घरात ओल आहे का, जवळपास काही जाळतात का, आईवडिलांना कुणाला होता का. मी तुझं घर माझं म्हणून सांगितलं. त्यांनी पाठीवर, पुढे, बाजूला नळी लावून शांतपणे ऐकलं. यंत्रात फुंकायची तपासणी करायला पाठवलं. माझी फुप्फुसं ठणठणीत, तपासणी चांगली येणारच. मला वाटलं, संपलं, पकडले गेले. तर डॉक्टर म्हणाले, “दम्यात असं होतं. मधल्या काळात तपासणी चांगली येते. तुम्ही जे सांगताय ते जास्त महत्त्वाचं.”

तुम्ही जे सांगताय ते जास्त महत्त्वाचं.

बाहेर आल्यावर मी तुला फोन केला, आणि मला आठवतंय, मी आनंदानं ओरडले होते, “पंप दिला! ऐकलं माझं!” पलीकडे तू आधी खोकलीस. मग म्हणालीस, “तुझं नाही. माझंच. पण चालेल.”

आणि तुला खरंच बरं वाटायला लागलं. ते महिने मी विसरणार नाही. तू जिना एका दमात चढायला लागलीस. बसमधून उतरून कंपनीच्या दारापर्यंत आपण बोलत यायचो आणि तू वाक्यं तोडायची नाहीस. रमझानमध्ये तू मला घरी बोलावलंस. अम्मींनी शीरखुर्मा ईदच्या आधीच केला, कारण मी ईदला यवतमाळला असणार होते. तू स्वयंपाकघरात गात होतीस. अम्मी मला हळूच म्हणाल्या, “इथली हवा मानवली तिला शेवटी.” पंप तू त्यांना सर्दीचा फवारा म्हणून सांगितला होतास. दमा म्हटलं असतं तर त्यांनी घराला दोष दिला असता, आणि दुसरं घर कुठून आणणार होतीस?

पण औषध देणाऱ्यानं माणूस बघावा लागतो. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा डॉक्टरांनी माझ्या पाठीला नळी लावली आणि खूश होऊन म्हणाले, “छाती एकदम स्वच्छ! औषध लागू पडलंय. डोस कमी करू या.” माझ्या छातीवरून त्यांनी तुझा डोस कमी केला. मी काय म्हणणार होते? मी म्हणाले, “हो डॉक्टर.” मी निघताना ते म्हणाले, “आणि जमलं तर ते घर बदला.” हे तुला सांगितलं तेव्हा तू खोकला येईपर्यंत हसलीस.

मी त्यानंतर मागे लागले. आता तू स्वतः जा, निदान दुसऱ्या कुणाकडे जा. तू नाही म्हणालीस.

“पुन्हा त्या खुर्चीत बसू? पुन्हा मटणापासून सुरुवात?”

“सगळे तसे नसतात.”

“तुझ्याशी नसतात.”

“हा तुझा हट्ट आहे, नसीम.”

“हट्ट करायला जोर लागतो,” तू म्हणालीस. “मी थकले आहे.”

मी ते ऐकलं आणि पुढे काही बोलले नाही. मला वाटलं, दिवाळी होऊन जाऊ दे, मग हिला हात धरून नेऊ. त्या वाक्याला द्यायचं उत्तर मी रोज शोधते. जे सापडतं ते सांगायला आता तू नाहीस.

दिवाळीनंतर हवा जड झाली. फटाक्यांचा धूर, वायरींचा धूर, वर थंडी. तू दोन दिवस कामावर आली नाहीस, बिनपगारी. त्या दुपारी मी मीटिंगमध्ये होते तेव्हा अम्मींचा फोन आला. त्या तुला रिक्षात घालून जवळच्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या होत्या. अम्मींचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे, पण त्या दिवशी भीतीनं त्यांच्या तोंडून सगळं हिंदीत यायला लागलं. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, हिला दमा आहे का? अम्मी म्हणाल्या, नाही. वारज्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलंय, टेन्शन आहे. त्यांना माहीत होतं ते त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. तुझ्या छातीत शिट्टी ऐकू येत नव्हती. हवाच जात नव्हती म्हणून आवाज नव्हता, हे नंतर तिथल्या वरिष्ठ डॉक्टरांनी समजावलं. त्या वेळी मात्र सगळ्यांना वाटलं, घाबरलेली बाई आहे. तुला खुर्चीत बसवून सांगत होते, शांत व्हा, हळूहळू श्वास घ्या. अम्मी सांगत होत्या, ती घाबरट नाही हो. माझी मुलगी घाबरट नाही.

“अम्मी, फोन डॉक्टरांना द्या,” मी ओरडले.

मी माझं नाव सांगितलं, कंपनीचं नाव सांगितलं, का सांगितलं देव जाणे. म्हणाले, तिला दमा आहे, पंप चालू आहे, अमुक औषध आहे. “आधी का नाही सांगितलं यांनी?” ते म्हणाले, आणि फोन बाजूला ठेवून त्यांनी धावपळ सुरू केलेली मला ऐकू आली. मास्क, ऑक्सिजन, सलाईन. फोनवरच्या माझ्या आवाजाला त्यांनी पुरावा मागितला नाही. समोर बसलेली तू आणि शेजारी उभी असलेली तुझी आई, तुमच्यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

हिंजवडीतून बाहेर पडायला मला किती वेळ लागला ते सांगत नाही. तुला तो रस्ता माहीत आहे.

मी पोचले तेव्हा तू अतिदक्षता विभागात होतीस आणि जराशी बरी दिसत होतीस. दारावरच्या बाईंनी मला एक मिनिट सोडलं. तू मास्क बाजूला सारलास. मी म्हणाले, बोलू नकोस. तू तुझं ते कोरडं हसलीस, एक एक शब्द सुटा करत म्हणालीस, “आज... माझ्या नावानं... लिहिलं त्यांनी. दमा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. वरिष्ठ डॉक्टरांनी सांगितलं की आधी आणलं असतं, आधी पूर्ण डोस असता, तर कदाचित. आणि कदाचित तरीही नाही. हा कदाचित मी कुणाकडे घेऊन जाऊ?

तुला नेलं तेव्हा बायका घरीच राहिल्या. मीही अम्मींजवळ बसले. खालून गोदामाचा आवाज येत नव्हता. त्या माणसांनी त्या दिवशी काम बंद ठेवलं होतं आणि शटर ओढून तीही खांदा द्यायला गेली होती. हे तुला आवडलं असतं. वायरी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा जळायला लागल्या.

वारज्याच्या घरमालकीणबाईंना मी जिन्यात सांगितलं. त्या हळहळल्या, खरंच हळहळल्या. मग म्हणाल्या, “बघ, तेव्हा खालचा दिला नाही ते एका परीनं बरंच झालं. एवढी आजारी होती. काही झालं असतं तर तुलाच निस्तरावं लागलं असतं.” मी त्यांना म्हणाले, “तेव्हा ती आजारी नव्हती. खालचा दिला असता तर झालीही नसती.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मी काहीतरी असभ्य बोलले. मग मी लिफ्टनं वर गेले. माझ्या उजेडाच्या, कोरड्या भिंतींच्या घरात. मी अजून तिथेच राहते, नसीम. दुसरीकडे जाऊन तुला काय मिळणार, असं स्वतःला सांगते. लिफ्टमध्ये रोज लाज वाटते आणि रोज लिफ्टनंच जाते.

पण अम्मींचं काय करायचं ते मला कळत नव्हतं. त्या एकच गोष्ट घोकत होत्या. “त्यांनी विचारलं, दमा आहे का. मी नाही म्हटलं. माझ्या तोंडानं नाही म्हटलं.” जेवत नव्हत्या. शेजारच्या बायका समजावत होत्या, पण कशावरून समजावणार? खरं काय ते फक्त मला माहीत होतं. गप्प राहिले असते तर अम्मींनी जन्मभर स्वतःला दोष दिला असता, आणि माझ्यासाठी मात्र त्या तुझी जिवलग मैत्रीण म्हणून शीरखुर्मा करत राहिल्या असत्या.

मी सांगितलं. तुझी परवानगी विचारायला तू नव्हतीस. तालीम, डॉक्टर, पंप, कमी केलेला डोस, सगळं सांगितलं. त्या हातातल्या तसबीहचे मणी फिरवायच्या थांबल्या.

“म्हणजे तिला बरं वाटत होतं ते महिने,” त्या म्हणाल्या, “ते तुझ्या नावानं?”

“हो.”

“मला वाटायचं, हवा मानवली.”

त्यांनी तसबीह मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, “तिला तुझ्या नावाची गरज का पडावी, बेटा? अब्बांनी किती हौसेनं ठेवलं होतं तिचं नाव.” हे त्या मला रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खरंच विचारत होत्या. मग म्हणाल्या, “आज तू जा. नंतर ये.”

मला वाटलं, आता येऊ नको असंच त्यांना म्हणायचंय. पण पुढच्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. मी गेले तर त्या तयार होऊन, डोक्यावर ओढणी घेऊन दाराशी बसल्या होत्या. बोलताना खोकत होत्या. तू असताना त्यांच्या खोकल्याकडे आपण कुणी लक्षच दिलं नव्हतं.

“मला डॉक्टरांना दाखवायचंय,” त्या म्हणाल्या. “त्याच.”

“अम्मी, दुसरे चांगले आहेत.”

“मला त्यांनाच दाखवायचंय.”

मी त्यांना वारज्याला घेऊन गेले. आत शिरल्या शिरल्या डॉक्टर मला बघून हसले. “या, या. बऱ्याच दिवसांनी. दमा काय म्हणतोय तुमचा?”

अम्मी माझ्या शेजारी उभ्या होत्या.

“तो माझा नव्हता,” मी म्हणाले. “नसीमचा होता. ती आधी तुमच्याकडे आली होती. तुम्ही तिला वजन कमी करायला सांगितलंत आणि झोपेची गोळी दिलीत. मग तिचंच सगळं मी येऊन सांगितलं, तेव्हा तुम्ही पंप दिलात. दिवाळीनंतर ती वारली. ह्या तिच्या आई.”

त्यांना समजायला वेळ लागला. मग ते चिडले. “म्हणजे तुम्ही खोटं सांगून औषध नेलंत? हे किती धोक्याचं आहे कळतं का तुम्हाला?”

“आता कळतं,” मी म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं.

“त्यांनी मला हे सगळं नीट सांगितलं असतं तर—”

“तिनं सांगितलं होतं. मी तिचेच शब्द वापरले. त्यात माझा एकही नव्हता.”

त्यांनी टेबलावरचा पेन उचलला आणि परत ठेवला. “मला आठवत नाहीत त्या,” शेवटी म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. “कशा दिसायच्या?”

मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या ओठांवर पहिला शब्द आला तो “जाड”. तुझं हसणं नाही, तुझे डोळे नाहीत, तुझी जीभ नाही. तोच शब्द, त्यांचाच. मला इतकी लाज वाटली की मी तोंड मिटलं.

तेवढ्यात अम्मी पुढे झाल्या आणि पेशंटच्या खुर्चीत बसल्या. डॉक्टरांनी घसा साफ केला. आता ते खरंच मऊ झाले होते. त्यांनी मला विचारलं, “ह्यांना खोकला कधीपासून आहे?”

“मला विचारा,” अम्मी म्हणाल्या. “खोकला मला आहे.”

आणि त्या सांगायला लागल्या. शुक्रवार पेठेपासून सुरुवात केली. तिथे हवा कशी होती, अब्बांच्या पुस्तकबांधणीच्या खळीचा वास कसा घरभर असायचा, तरी कुणाला कधी शिंक आली नाही. मग इमारत पाडायची नोटीस. मग जागा बघायला तू रोज संध्याकाळी कशी हिंडायचीस आणि घरी येऊन काय काय सांगायचीस, ते एकेक. बाहेर पेशंट ताटकळत होते. डॉक्टरांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं, की मी जरा आवरतं घेईन. मला ते जमलं असतं. चार वाक्यांत, त्यांना हव्या तशा मराठीत, मला अम्मींचा खोकला सांगता आला असता. ती चारही वाक्यं माझ्या तोंडाशी आली होती.

मी हात मांडीवर घट्ट धरून बसले. अम्मी अजून टेम्पोत सामान चढवलं त्या दिवसापर्यंतच आल्या होत्या.